उघडता येणारे यंत्र : पहिला संगणक स्वतःच्या हाताने जोडताना

१९२९ सालच्या जुलैमध्ये अखिल भारत चरखा संघाने एका यंत्रासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. खेड्यातल्या झोपडीत चालेल असा सुधारित चरखा संघाला हवा होता आणि स्पर्धा जगभरच्या यंत्रज्ञांना खुली होती. अटी फार बारकाईने लिहिलेल्या होत्या. चरखा हलका, सहज उचलून नेता येण्याजोगा असावा. हाताने किंवा पायाने चालावा. बाईमाणसाला फार न दमता त्यावर आठ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. याखेरीज आणखी दोन अटी होत्या. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे, आणि सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने या अटींना उतरेल असा चरखा घडवण्यासाठी पुष्कळ खटपट केली. बक्षीस मात्र अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

संगणकाच्या दुकानात शिरणारा माणूस आज जे प्रश्न विचारतो, ते या यादीच्या पूर्वार्धात येऊन जातात: काम किती करतो, किती वेगाने करतो, कितीला पडतो. उत्तरार्धातल्या दोन अटी खरेदीनंतरच्या आयुष्याविषयी आहेत आणि त्या आपण क्वचितच विचारतो. यंत्र आज ना उद्या बिघडणार, भाग झिजणार, हे त्या अटी घालणाऱ्यांनी धरूनच चालले होते. म्हणून यंत्राची पारख त्यांनी उत्पादनाइतकीच दुरुस्तीवरही ठेवली. स्वतःच्या हाताने डेस्कटॉप जोडण्याचे खरे मोल इथेच आहे, असे माझे म्हणणे आहे. जोडणीत कधी चार पैसे वाचतात, कधी त्याच पैशांत अधिक वेगवान यंत्र मिळते. पण हे लाभ बाजारभावावर हेलकावे खातात. न हलणारा लाभ एकच. ज्याने यंत्र एकदा भागाभागाने जोडले, त्याला ते पुन्हा उघडायची भीती वाटत नाही, आणि ज्याला उघडायची भीती वाटत नाही त्याचे यंत्र एका भागाच्या बिघाडाने भंगारात जात नाही. पहिल्यांदाच संगणक जोडू पाहणाऱ्या वाचकाने पुढची पाने वाचण्यापूर्वी ही भूमिका तपासून घ्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

या विषयाला गांधीजींच्या चरख्याचा संदर्भ कशासाठी, हा आक्षेप सर्वांत आधी येईल. चरखा कुठे, संगणक कुठे. ज्या माणसाने यंत्रयुगावर इतकी कठोर टीका केली त्याचे नाव प्रोसेसरच्या गोष्टीत ओढणे ही ओढाताण नाही का? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर गांधीजींच्याच विचारात सापडते. १९२४ मध्ये दिल्लीत रामचंद्रन नावाच्या तरुणाने त्यांना यंत्रांविषयी खोदून विचारले, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. माणसाचे कष्ट हलके करणारे, त्याच्या हाताखाली राहणारे यंत्र त्यांना नको नव्हते. त्यावर रामचंद्रन यांनी पुढचा पेच टाकला: शिवणयंत्रे करायची तर कारखाना हवा, कारखान्यात मोठी यंत्रे हवीत. गांधीजींनी ते मान्य केले. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या नियंत्रणाखाली असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणजे यंत्र कुठे घडते हा एक प्रश्न, आणि घरात आल्यावर ते कोणाच्या ताब्यात राहते हा दुसरा प्रश्न, हे त्यांनी वेगळे ओळखले होते. पुढे ते वर्ध्यास आले, तिथल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांनी उभारले, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. घाणी, चक्की, हातकागदाची साधने, चरखे अशा ज्या वस्तूंवर मगनवाडीत काम झाले, त्यांत एक सारखेपणा आहे. चालवणाऱ्याला यंत्राचे पोट दिसते. कोणता भाग कशाला ढकलतो आणि अडकले तर कुठे अडकले, हे डोळ्यांना कळते. मगनवाडीची ही कसोटी संगणकाला लावणे मला ओढाताणीचे वाटत नाही. उलट, ती न लावता शाळा-कचेऱ्यांत संगणक भरत जाणे ही वर्ध्याच्या विचाराची उपेक्षा आहे.

संगणक या कसोटीला उतरतो का? इथे डेस्कटॉपच्या रचनेकडे नीट पाहावे लागेल. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा घाईपोटी कंपनीने त्यात बहुतेक भाग बाहेरचे वापरले आणि त्याची रचना प्रसिद्ध केली. थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनी तसेच संगणक बनवले, आणि कोणाचेही कार्ड कोणाच्याही यंत्रात बसू लागले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिले: मदरबोर्ड केवढा असावा, त्याला स्क्रूची भोके कुठे असावीत, मागची खिडकी केवढी असावी, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची जोडणी कशी असावी. तीस वर्षांनंतरही साध्या कॅबिनेटमध्ये ती भोके त्याच जागी आहेत. ग्राफिक्स कार्डाचा पीसीआय एक्सप्रेस खाचा, डिस्कचा साटा जोड, कीबोर्डाचा यूएसबी, हे सारे असेच जाहीर ठरावांतून आलेले आहेत. तैवानच्या कंपनीचा मदरबोर्ड, अमेरिकी आराखड्याचा प्रोसेसर, कोरियाची रॅम आणि चीनमधले कॅबिनेट एकमेकांना कधीच न भेटता वर्ध्यातल्या टेबलावर नेमके जुळतात ते या ठरावांमुळे. या जुळण्यात हुशारीही भरून ठेवलेली आहे. रॅमच्या पट्टीवरची खाच मध्यापासून जराशी सरकवलेली असते, म्हणून ती उलटी बसतच नाही. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाच्यात जात नाही, कारण खाचेची जागा बदललेली आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद ठेवून द्यायचा. तिथे बोटाने दाबायचे नसते, दाब देण्याचे काम खटक्याचे. पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या मनातली धास्ती बहुतेक वेळा या तपशिलांच्या अज्ञानातून येते. जिथे जोर लावावा लागतो अशा जागा मोजक्या आहेत. रॅम ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबावी लागते, चोवीस पिनांची मुख्य वायर घट्ट बसते, आणि काही कूलर बसवताना मदरबोर्ड वाकतो की काय असे वाटते. बाकी सर्वत्र, जोर लागतोय म्हणजे चुकतेय, हे धरून चालावे.

जोडणीतून मिळणारे ज्ञान स्क्रू पिळण्याचे नसते, बिघाड शोधण्याचे असते. बटण दाबले आणि पडद्यावर काही उमटले नाही, की ज्याने संगणक कधी उघडलेला नाही त्याच्यापुढे एकच वाक्य उरते: संगणक बंद पडला. जोडणाऱ्यापुढे प्रश्नांची रांग असते. पंखा फिरतो का? फिरत नसेल तर वीज एसएमपीएसपर्यंत येते का, एसएमपीएसमागचा खटका चालू आहे का, कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डावर योग्य जोडीवर आहे का? पंखा फिरतो पण चित्र नाही, तर प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी वायर राहून गेली का? रॅमची एकच पट्टी ठेवून पाहिली का? पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली गेली का? प्रत्येक प्रश्न संशयाचे क्षेत्र अर्ध्यावर आणतो. डॉक्टर, गवंडी, मोटार-मेकॅनिक सगळे असाच विचार करतात. पण शाळेत ही विचारपद्धती शिकवायची सोय फार थोड्या विषयांत आहे, कारण तिथे बिघाड हा अभ्यासाचा भागच नसतो. संगणक-जोडणीत तो आपसूक येतो. पहिल्याच प्रयत्नात यंत्र सुरू झालेल्यापेक्षा ज्याचे दोनदा अडले तो अधिक शिकतो, असे मला ठामपणे वाटते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. याला बनवणे म्हणायचे कशासाठी? चिप घडवली तैवानने, ती छापणारे यंत्र नेदरलँड्सचे. तुम्ही चार वायरी लावल्या. यात स्वदेशी काय आणि स्वावलंबन कसले? पहिला भाग पूर्ण खरा आहे आणि तो लपवू नये. वर्ध्यात जोडलेला संगणक वर्ध्याचा होत नाही. पण जोडण्याला ज्ञान न मानणे चुकीचे आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्याच मुलखातला आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर पुण्याच्या सी-डॅकचे नेतृत्व करत होते तेव्हा, १९९१ मध्ये, परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यातले ट्रान्सप्यूटर ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे होते, बाजारात विकत मिळणारे. अमेरिकेने आपला महासंगणक द्यायला खळखळ केली होती. भारताने उत्तर दिले ते नवी चिप घडवून नव्हे, तर मिळणाऱ्या चिपा शेकड्यांनी एकमेकींशी कशा बोलत्या कराव्यात याचे गणित सोडवून. कोणता भाग कशाशी, कोणत्या मार्गाने, किती वेगाने जोडायचा, हेच त्या यशाचे मर्म होते. घरचा डेस्कटॉप आणि परम यांच्यातले अंतर अफाट आहे, तुलना कर्तृत्वाची नाही. मुद्दा इतकाच, की पूर्ण वस्तू आणि तिचे भाग यांच्यामध्ये ज्ञानाचा एक मोठा पट्टा असतो. तो आपण मोकळा सोडला, तर भाग आणि वस्तू दोन्हीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

नागपूरच्या दुकानदाराचा आक्षेप मात्र व्यवहारातला आहे. सीताबर्डीत जा, यादी द्या. भाग त्याच्याकडूनच घेतले तर तो तासाभरात संगणक जोडून, विंडोज टाकून हातात देईल, जोडणावळही बहुधा मागणार नाही. मग स्वतः घाम का गाळावा? या दुकानांबद्दल मला आदर आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि गावोगावचे छोटे जोडणारे नसते, तर नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत संगणक आलाच नसता. मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांची किंमत तेव्हा आवाक्याबाहेर होती. ‘असेंबल्ड’ संगणकावर एक अख्खी पिढी शिकली. पण दुकानात जोडणी फुकट असते तेव्हा निवड दुकानाची असते. गिऱ्हाईक प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा पाहतो. म्हणून काटकसर होते ती एसएमपीएसवर, कारण तो कोणी विचारत नाही. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर लिहिलेले वॅट आणि तो प्रत्यक्षात देऊ शकणारे वॅट यांत अनेकदा मोठी तफावत असते, आणि तो जळताना कधी मदरबोर्डही सोबत नेतो. यंत्राच्या प्रत्येक भागाला वीज देणारा भाग सर्वांत दुर्लक्षित राहावा, हे आपल्या खरेदीच्या सवयीचे दर्शन आहे. स्वतः जोडणारा निदान बेरीज करतो: प्रोसेसरचे ६५ वॅट, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे सव्वाशे, डिस्क-पंखे-मदरबोर्ड मिळून पन्नास-साठ, वर मोकळी जागा ठेवून ४५० किंवा ५५० वॅटचा प्रमाणित एसएमपीएस. ही बेरीज चौथीच्या गणिताची आहे. ती करायला लागणे हीच दुकानदाराशी बरोबरीने बोलण्याची सुरुवात.

पैशांचा मुद्दा लवकर आटोपतो. जोडलेला संगणक नेहमी स्वस्त पडतो, हे आता खरे नाही. साध्या कचेरीकामाची कंपनीची पेटी घाऊक खरेदीमुळे कधी जोडलेल्याहून कमी किमतीला मिळते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हा सुटे भाग घेणाऱ्यांना झळ आधी बसली. वॉरंटीतही दोन्ही बाजू आहेत. कंपनीच्या पेटीला एकच वॉरंटी आणि एकच फोन नंबर असतो. जोडलेल्याच्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, प्रोसेसरची साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसची पाच ते दहा, आणि भाग बदलून घ्यायला वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला खेप घालावी लागते. हा त्रास खरा आहे. त्याची भरपाई कुठे होते, ते पाच टक्क्यांच्या जुन्या अटीने तपासता येते. चाळीस हजारांचा डेस्कटॉप धरला तर वर्षाला दोन हजार रुपये दुरुस्तीला. पंखा, बायोसची बॅटरी, थर्मल पेस्ट या रकमेत सहज बसतात. एखाद्या वर्षी एसएमपीएस किंवा एसएसडी गेली तर मागच्या वर्षांची शिल्लक कामी येते. ज्या यंत्रात रॅम आणि डिस्क मुख्य पाटीवरच डाखलेली आहे, तिथे मेमरीची एक चिप गेली तरी पाटीच बदलावी लागते, आणि तो खर्च या अटीत कोणत्याही हिशेबाने बसत नाही. वीस वर्षांची अट मात्र डेस्कटॉपही संपूर्ण पाळू शकत नाही, हे मान्य करायला हवे. सॉफ्टवेअर त्याला तेवढे जगू देत नाही. तरी भागाभागाने तो बराच पुढे जातो. २०१७ सालच्या अनेक एएम४ मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. कॅबिनेट, कीबोर्ड आणि मॉनिटर तर दोन-तीन पिढ्या सहज पाहतात.

आता वर्ध्यापुरती एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत सापडणार नाही. तिथली गृहीत खोली वीस-बावीस अंशांची असते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर नसलेल्या, वरती पत्रा असलेल्या खोलीत आतली हवा बाहेरच्याहून फारशी वेगळी नसते. प्रोसेसरवरचा पंखा थंडी तयार करत नाही. तो धातूच्या पात्यांतली उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश तापेल एवढेच पंख्याने ठरते, तो शेवटी किती अंशांवर थांबेल हे खोली ठरवते. पंचवीस अंशांच्या खोलीत पूर्ण कामावर जो सत्तरवर राहतो, तोच त्रेचाळीस अंशांच्या खोलीत अठ्ठ्याऐंशीच्या घरात जाणार. बहुतेक प्रोसेसर पंचाण्णव ते शंभरच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणून आपल्याकडे पुढून जाळी असलेले कॅबिनेट, ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर आणि सोबत आलेल्यापेक्षा थोडा मोठा कूलर ही चैन नाही. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दिसायला देखणे असते, पण हवा आत घेत नाही. त्यात धूळ, आणि हिंगणघाट-पुलगावच्या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारा कापसाचा तंतू. तो कूलरच्या पात्यांत अडकला की नमद्यासारखा थर धरतो. गाळणी काढून धुता येईल असे कॅबिनेट निवडणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते उघडणे, हे इथे जोडणीचाच भाग समजावे. कोरड्या उन्हाळ्यात अंगावरची स्थिरविद्युतही वाढते. जोडताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, एसएमपीएस बसवून त्याची पिन भिंतीच्या सॉकेटात ठेवावी पण खटका बंद ठेवावा, म्हणजे अर्थिंगचा मार्ग मिळतो, असे सांगतात. हा उपाय चालतो तो घरात अर्थिंग खरोखर असेल तरच. तिसऱ्या भोकाला मागे वायरच नाही, अशी घरे आणि शाळा आपल्याकडे आहेत. पन्नास हजारांचे यंत्र लावण्यापूर्वी वायरमनकडून ते तपासून घेणे हा या उद्योगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे.

उष्णता, वॅट, अर्थिंग हे विषय शाळेच्या पुस्तकात असतातच. तरीही ते जोडणीच्या वेळी नव्याने भेटतात, कारण तेव्हा त्यांच्यावाचून काम अडते. नेमका हाच विचार २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून नई तालीमचा आराखडा केला, आणि सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने तो प्रत्यक्षात आणला. हस्तोद्योग हा जोडविषय नाही. गणित, विज्ञान, भूगोल हे सारे त्याच्या आधाराने शिकवायचे, असा त्याचा गाभा. टकळीवर सूत काढणारे मूल तार मोजताना अंक शिकते आणि कापसाच्या निमित्ताने जमीन, पाऊस, बाजार यांकडे वळते. संगणक-जोडणीत हा समवाय किती सहज साधतो पाहा. दिवसाला पाच तास दीडशे वॅट म्हणजे महिन्याला किती युनिट, हे वीजबिलाचे गणित. पातळ थरातली थर्मल पेस्ट उष्णता का वाहून नेते आणि जाड थर का अडवतो, हा पदार्थविज्ञानाचा धडा. चिपा तैवानमध्येच एवढ्या का होतात आणि तिथे अडले तर सीताबर्डीत भाव का चढतात, हा भूगोल आणि राज्यशास्त्र. आपल्या शाळांतले संगणक-शिक्षण बहुतांशी पडद्यावर घडते. यंत्राची पेटी टेबलाखाली, कुलपात, शिक्षकांनाही परकी. एक बिघडला की तंत्रज्ञाच्या वाटेला लागलेले डोळे परत येत नाहीत. नववीच्या मुला-मुलींनी वर्षाला एक संगणक जोडावा आणि उरलेल्यांची निगा राखावी, अशी योजना कोणत्याही मोठ्या अनुदानाशिवाय सुरू होऊ शकते. ‘मुला-मुलींनी’ हे मी मुद्दाम म्हणतो. स्क्रूड्रायव्हर घरात आपसूक मुलाच्या हाती जातो आणि मुलीला त्याची सवय होत नाही. नई तालीममध्ये चरखा दोघांच्याही हाती होता.

कोणी म्हणेल, हे सारे मावळत्या यंत्रासाठी चालले आहे. मुले मोबाइलवर वाढतात, कॉलेजात लॅपटॉप घेतात. डेस्कटॉपला भवितव्य काय? लॅपटॉपची सोय मी नाकारत नाही. वीज जाणाऱ्या गावात बॅटरी असलेले यंत्र हवेच. पण सर्व यंत्रे बंद होत चालली असताना उघडे राहिलेले एक यंत्र अधिक मोलाचे ठरते, कमी नव्हे. डेस्कटॉपवर जो रॅम म्हणजे काय आणि एसएसडी म्हणजे काय हे हाताने शिकला, तो लॅपटॉप घेतानाही विचारेल की रॅम वाढवता येईल का, मागचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का. ग्राहकांचा दुरुस्तीचा हक्क हा विषय भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये हाती घेतला. हक्क कागदावर येणे चांगलेच. पण बजावू शकणारी माणसे नसतील तर तो कंपनीच्या दयेवर राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. ज्या कार्यालयात कोणालाच पेटी उघडता येत नाही, तिथे याचा एकच अर्थ होतो, नवी खरेदी. जिथे जाणणारा एक जण आहे तिथे पर्याय दिसतात: याच यंत्रावर लिनक्स, त्यावर मराठी टंकलेखन आणि कार्यालयीन कामाची सगळी साधने, किंवा कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क तीच ठेवून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि गरज पडल्यास रॅम नवी.

या संदर्भात नवशिक्याला माझी एक सूचना आहे आणि पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लावलेली आहेत. नवे भाग विकत घेण्यापूर्वी एखादा बाद ठरलेला जुना डेस्कटॉप मिळवावा. बँका, कचेऱ्या, कॉलेजे असे संगणक लिलावात काढतात. शक्यतो एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स मापाचा घ्यावा, कारण मोठ्या कंपन्यांच्या काही पेट्यांत एसएमपीएस आणि मदरबोर्डाचे जोड त्यांचे खास असतात आणि ते बाजारच्या भागांशी जुळत नाहीत. तो पूर्ण सुटा करावा, प्रत्येक वायर कुठून निघाली त्याचे छायाचित्र ठेवावे, पात्यांतली धूळ ब्रशने झाडावी, जुनी वाळलेली पेस्ट पुसून मसुराएवढा नवा थेंब ठेवावा आणि सगळे परत जोडून चालू करावे. मग मुद्दाम रॅम काढून सुरू करावा आणि तो काय तक्रार करतो ते ऐकावे. डिस्कची केबल काढून पाहावी. प्रोसेसरची आठ किंवा चार पिनांची वायर काढून पाहावी. प्रत्येक वेळी आधी खटका बंद. हे झाले की नव्या भागांची यादी स्वतः लिहावी: आधी काम, मग प्रोसेसर, मग त्या सॉकेटचा मदरबोर्ड, मग रॅम, एसएमपीएस, आणि सर्वांत शेवटी कॅबिनेट. बिले भागावार, अनुक्रमांकासह घ्यावीत. नवे भाग जोडताना कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यानिशी एकदा चालू करून पाहावे. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी मेमरीची जुळणी पडताळायला यंत्र काही मिनिटे घेते, तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. त्या अवधीत घाबरून वीज तोडू नये.